बे पाऊण दीड

ओतकामाच्या कारखान्यातल्या रात्रपाळीची ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : ‘सिलिकॉन ०.३० कमी. वाढवा.’ भट्टीवरच्या मुलानं ती वाचली, काट्यावर ३०० ग्रॅम फेरो सिलिकॉन (सिलिकॉन आणि लोखंडाचा मिश्रधातू) मोजलं आणि ५०० किलोच्या भट्टीत टाकलं. काट्यावर ०.३०० दिसलं की ते ३०० ग्रॅमच असतं, रोज तो तेच बघतो. चिठ्ठीतले ०.३० मात्र टक्के होते, टाकायला हवं होतं सव्वादोन किलोच्या आसपास. घाईत पुन्हा सँपल काढलं गेलं नाही, धातू साच्यांत ओतला गेला आणि आठवड्याभरानं मशीनशॉपकडून फोन आला, की कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, कडा इतक्या कडक आहेत की टूलच्या टिपा तुटतायत.

सिलिकॉन कमी पडलं की पातळ कडांमधला कार्बन ग्रॅफाइट होऊन मोकळा होत नाही. तो लोखंडाशीच बांधलेला राहतो आणि पांढरं, कडक, ठिसूळ लोखंड तयार होतं. हे मला कॉलेजपासून पाठ होतं. चिठ्ठी मात्र मी अशी लिहिली होती की ती फक्त मला कळावी.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीची लॅब मी सांभाळते. धातूचं पृथक्करण आणि वाळूच्या चाचण्या, असं माझं काम. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ओतकामावर हजारो घरं चालतात. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांनी कोल्हापुरातलं उद्यमनगर वाढवलं, पुढं ट्रॅक्टर-ट्रकचे सुटे भाग आले. जुन्या कपोला भट्टीच्या काळात मेस्त्री ज्वाळेचा रंग बघून धातू तयार झाला की नाही ते सांगत. आता ग्राहक सिलिकॉन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून मागतो. काम आकड्यांवर गेलं, पण ते करणाऱ्या माणसाला दशांश चिन्हापाशी बसवून कुणी काही सांगितलं नाही. शाळेत जे झालं त्यावरच सगळी भिस्त, आणि आमच्या साचेकामातली निम्मी माणसं आठवीच्या आत शाळा सोडलेली.

त्या फोननंतर मुलाचा त्या दिवसाचा पगार कापायची भाषा सुरू झाली. मी मालकांना सांगितलं की चूक चिठ्ठीची आहे, आणि मला आठवड्यातून दोन दिवस अर्धा-अर्धा तास या लोकांबरोबर बसू द्या. त्यांनी विचारलं, “अर्ध्या तासात साचे किती कमी पडतील?” मी आकडा सांगितला. मग परत आलेल्या मालाचं वजन सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पाळी सुटल्यावर घ्या.”

पाळी सुटल्यावर कुणी थांबेना. त्यांचं चुकत नव्हतं. वडगाव, टोप, पन्हाळ्याकडची माणसं, घरी गेल्यावर म्हशीची धार काढायची असते. एसटी चुकली तर दुधाची वेळ चुकते. दोन आठवडे मी रिकाम्या कँटीनमध्ये फळा पुसत बसले. शेवटी मंगळवार-शुक्रवार जेवणाच्या सुट्टीला जोडून अर्धा तास, आणि तो पगारी, असं ठरलं. पगारी हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. शिकण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला गेला तेव्हाच माणसं ते शिकणं कामाचं मानायला लागली. जिथं असं काही सुरू करायचं असेल तिथं आधी एवढं पदरात पाडून घ्यावं, असं माझं ठाम मत झालंय.

पहिल्या दिवशी बावीस जण आले. मी वीस प्रश्नांचा पेपर दिला : दशांश अपूर्णांकांची बेरीज, टक्केवारी, घनफळ. तपासला, लाल शाईनं गुण दिले आणि नावांसकट टाइम ऑफिसशेजारी लावला. पुढच्या वेळी नऊ जण आले. न आलेल्यांतल्या एकाला मी गाठून विचारलं, तर तो खाली बघून म्हणाला, “मॅडम, आमची पोरं कॉलेजला हाईत. त्यो कागद कुणी बघितला तर?” ती यादी मी त्याच क्षणी काढायला गेले. ते काम आधीच कुणीतरी केलं होतं. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. त्यानंतर आमच्या वर्गात परीक्षा झाली नाही. आजही होत नाही.

पण त्या पेपरानं मला एक गोष्ट दाखवली होती. ०.५ आणि ०.२५ यांत मोठं कोण, या प्रश्नाला बहुतेकांनी ०.२५ लिहिलं होतं, कारण पंचवीस पाचाहून मोठे. हीच माणसं साखर कारखान्याच्या वजनपावतीवर १२.५०० आणि १२.४५० टन बघून पन्नास किलोचा फरक कुठं गेला म्हणून भांडून येतात. तेव्हा दशांश चिन्ह त्यांना बरोबर वाचता येतं. म्हणून पुढच्या वेळी मी घरातल्या वजनपावत्या आणायला सांगितल्या. फळ्यावर १२.५ लिहिलं, खाली १२.४५. “कुठली खेप जड?” सगळे एकदम म्हणाले, “वरची.” का? “वरची बारा टन पाचशे, खालची बारा टन साडेचारशे.” ०.५ म्हणजे मुळात ०.५००, ही गोष्ट मला समजावून सांगावी लागलीच नाही. शून्यं त्यांनीच भरली. मग मायक्रोमीटर काढला. ०.०१ मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तिथं हात थरथरले, पण आकडा आता अनोळखी नव्हता.

टक्केवारीला दूध उपयोगी पडलं. डेअरीत म्हशीच्या दुधाला फॅट ६.५ लागली की दर ठरतो, हे इथं लहान पोरालाही माहीत असतं. “६.५ म्हणजे काय?” असं विचारल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. रोज वापरातला आकडा, पण तो कशातला किती, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. कोअर शॉपमधल्या, साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या आक्का म्हणाल्या, “शंभर किलो दुधात साडेसहा किलो लोणी-तूप, असं असंल.” मागून एक जण म्हणाला, “म्हंजे ह्ये शेकडाच की!” शेकडा हा शब्द मी पुस्तकाच्या नादात विसरून गेले होते. व्याज शेकडा दोन, दलाली शेकडा पाच. शब्दातच शंभर बसलेले आहेत. ‘टक्के’ या शब्दाला लोक घाबरत होते आणि ‘शेकड्या’वर त्यांचे व्यवहार चालले होते.

त्याच दिवशी मी ती चिठ्ठी फळ्यावर लिहिली. भट्टी म्हणजे दुधाचं पातेलं, सिलिकॉन म्हणजे फॅट. फॅट ०.३ नं वाढवायचीय आणि दूध आहे ५०० किलो. शंभर किलोला ३०० ग्रॅम, तर पाचशे किलोला दीड किलो. चिठ्ठीवाला मुलगा समोरच बसला होता. त्याचा चेहरा बदलला. “म्हंजे मी एकाच शेकड्याचं टाकलं,” तो हळू म्हणाला. त्या वाक्यासाठी मी दोन महिने थांबले होते, पण ऐकल्यावर माझेच डोळे भरून आले. त्यानं आळस केला नव्हता. शंभरातले ३०० ग्रॅम आणि पातेल्यातले ३०० ग्रॅम यांतलं अंतर त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

पण हिशेब अजून संपला नव्हता. फेरो सिलिकॉन शुद्ध नसतं. आम्ही वापरतो त्यात शेकडा पंचाहत्तर सिलिकॉन, बाकी मुख्यतः लोखंड. किलोभर फेरोत पाऊण किलो सिलिकॉन. मग दीड किलो सिलिकॉन हवं तर फेरो किती? मी खडू हातात घेऊन भागाकार मांडणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला : “बे पाऊण दीड. दोन किलो.”

ते मामा होते. साठी ओलांडलेले, साचेकामातले सगळ्यांत जुने, चौथीनंतर शाळा सुटलेले. पाऊणकी त्यांना आजोबांनी तोंडपाठ करून घेतली होती. मी त्यांना फळ्याजवळ बोलावलं. ते आले नाहीत. जागेवरच बसून त्यांनी म्हटलं : “एके पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन, चोक पाऊण तीन...” पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. आमच्या आधीच्या पिढ्या हे रोज म्हणत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मग मेट्रिक मापं आली आणि हे पाढे हळूहळू शाळेतून गेले. मी स्वतः ते कधी शिकले नाही. कँटीनमध्ये त्या दिवशी विशी-बाविशीतली आयटीआय झालेली पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. त्यांना कॅलक्युलेटरवर १.५ भागिले ०.७५ करता येतं. उत्तर दोन येईल की वीस, याचा अंदाज मात्र मामांना आधी असतो.

भट्टीत टाकलेलं सगळं सिलिकॉन धातूत उतरत नाही. थोडं जळून स्लॅगमध्ये, म्हणजे धातूवरच्या मळीत, जातं. दहातले नऊ भाग उतरतात असं मी पुस्तकावरून धरलं. दोन किलोला नवांनी भागून दहानं गुणलं तर २.२२ किलो. एका पोरानं दोन किलोत शेकडा दहा मिळवून २.२० काढलं. दोघांत बरोबर कोण यावर चांगला वाद झाला, आणि तो मी होऊ दिला. गणितानं २.२२ बरोबर. पण त्या वीस-बावीस ग्रॅमनं ५०० किलोत किती फरक पडतो तो आम्ही काढला : शेकडा ०.००३. माझ्या मशीनलाही तो नीट दिसायचा नाही. कुठली चूक धरायची आणि कुठली सोडायची हे कळणं मला अचूक उत्तराइतकंच मोलाचं वाटतं, आणि शाळेत ते कुणी शिकवत नाही.

यानंतर वर्गात एक प्रश्न रुजला : “कशाचं?” कुणी टक्के म्हटलं की दुसरा विचारायचा, टक्कं कशाचं? आक्कांनी तो पहिल्यांदा कामावर वापरला. कोअरच्या वाळूला ती बांधणारं रेझिन आणि ते घट्ट करणारं कॅटॅलिस्ट लागतं. कागदावर होतं : रेझिन १ टक्का, कॅटॅलिस्ट ३० टक्के. रेझिन वाळूच्या एक टक्का, पण कॅटॅलिस्ट रेझिनच्या तीस टक्के. कशाच्या, ते मात्र कागदावर नव्हतं. नवा हेल्पर गोंधळला. आक्कांनी त्याला सांगितलं, “पन्नास किलो वाळूचं तीस टक्कं घेतलंस तर पंधरा किलो हुतंय. तेवढा तर कॅनबी न्हाई. रेझिन पाचशे ग्रॅम, त्याचं तीस टक्कं, दीडशे ग्रॅम.” हे त्यांनी कागद-पेन न घेता केलं. दुसऱ्या दिवशी तो तक्ता आम्ही नव्यानं लिहिला आणि प्रत्येक टक्क्यापुढं ‘कशाचे’ हा रकाना घातला.

विज्ञानाकडे आम्ही वाळूतून वळलो. वाळूत पाणी जास्त झालं की ओतताना त्याची वाफ होते. वाफ बाहेर पडली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. ब्लो होल हा शब्द सगळ्यांच्या तोंडी, पण वाफ किती होते याचा अंदाज कुणाला नव्हता. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. मी एक मिलिलिटर पाणी सिरिंजमध्ये दाखवलं आणि शेजारी दीड लिटरच्या बाटलीवर आणखी एक लहान बाटली ठेवली. एवढ्याचं एवढं. आणि हे फक्त शंभर अंशांना, धातू तर १,४०० च्या आसपास ओततो. मामा बराच वेळ त्या बाटल्यांकडं बघत राहिले.

मामा वाळू मुठीत दाबून ओल सांगतात. मूठ उघडली की ढेकूळ कसं मोडतं, कडा कशा राहतात, हाताला चिकटतं का. मी दहा नमुने घेतले, मामांनी आधी आकडा सांगायचा, मग मी चाचणी करायची. आठ वेळा ते शेकडा ०.२ च्या आत होते. चुकलेले दोन्ही नमुने जेवणानंतरचे, गरम वाळूचे. दोन्ही वेळा त्यांना वाळू कोरडी लागली होती. मग पोरांनी महिनाभर दर तासाला ओल मोजून आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, खाली त्या तासाच्या ब्लो होलच्या नगांचे ठिपके. दुपारी दीडनंतर दोन्ही रेषा चढत होत्या. परत आलेली वाळू गरम असायची, हाताला कोरडी वाटायची, मिक्सरवाला अंदाजानं पाणी वाढवायचा. हात फसवत नव्हता, तो उष्णता आणि ओल एकत्र वाचत होता. उपाय साधा निघाला, वाळू थंड होईपर्यंत थांबायचं आणि पाणी मोजून घालायचं. त्या आलेखावर रेषा ओढणाऱ्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा एक्स अक्ष, वाय अक्ष वापरला होता. त्या कागदाचा कोपरा दुमडला तर तो चिडायचा.

एकदा कास्टिंग ४ मिलिमीटरनं लहान आलं म्हणून अख्खा लॉट थांबला. ४०० चं माप ३९६ लागत होतं. शेवटी कळलं, माप पॅटर्नच्या (साचा ज्यावरून करतात त्या नमुन्याच्या) पट्टीनं घेतलं होतं. धातू थिजल्यावर गार होताना आकसतो, ओतीव लोखंड साधारण शेकडा एक, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि तासभर आकसण्यावरच बोललो.

भाषेचंही सांगायला हवं. आमच्याकडं बिहार-ओडिशाची मुलं बरीच आहेत. भट्टीवरून कुणी मराठीत ‘एकोणनव्वद’ ओरडलं की तिकडं ७९ लिहिलं जायचं, कधी ९९. हिंदीतलं ‘उनासी’, ‘नवासी’ आमच्या माणसांना तेवढंच अवघड. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा मी त्याच्या विरोधात होते. आता तेवढं ठामपणे बोलत नाही. आमच्या भट्टीवर आम्ही अंक सुटे बोलायचे ठरवलं, आठ-नऊ. आणि बोललेलं पाटीवर लिहायचंच.

जमलं नाही तेही बरंच आहे. अक्षरं घेऊन सूत्र लिहिणं अजून बहुतेकांना परकं वाटतं. घनफळ गुणिले घनता म्हणजे वजन हे कळतं, ‘व’ आणि ‘घ’ लिहिलं की पेन थांबतं. शिकलेली सात-आठ माणसं जास्त पगारावर दुसरीकडं गेली. त्यांना पगार वाढवून मिळाला याचा मला आनंद आहे, मालकांना तो नाही, आणि वर्ग चालू ठेवायचा की नाही हा वाद त्यामुळं दर सहा महिन्यांनी होतो. कोअर शॉपमधल्या बायका हुशार आहेत, पण भट्टीवर त्यांना अजून कुणी उभं करत नाही. मी दर वेळी हे काढते.

गेल्या महिन्यात चिठ्ठीवाला मुलगा लॅबमध्ये आला. हातात शाळेची चौकोनी वही. चौदा हीटचा, म्हणजे भट्टीच्या चौदा खेपांचा, हिशेब त्यानं स्वतः ठेवला होता : टाकलेलं फेरो, आधीचं सिलिकॉन, नंतरचं सिलिकॉन. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, तीन किलो फेरो टाकलं. त्रिक पाऊण सव्वादोन किलो सिलिकॉन. पाचशेला शेकडा ०.४५ वाढाय पायजे. वाढलं ०.३८. म्हंजे तुमचं दहातलं नऊ न्हाई बसत. साडेआठबी न्हाई.” मी कॅलक्युलेटर काढला. ०.३८ भागिले ०.४५, चौऱ्याऐंशी टक्के. बाकीच्या ओळीही तशाच, काही थोड्या वर, काही खाली. मी म्हटलं, स्लॅग नीट काढली नसेल, फेरो ओलं असेल. तो ऐकत होता, पण त्याच्या मनात दुसरंच होतं.

“भट्टीत पाचशेच किलो हाय, ह्ये कशावरनं?”

मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडं नव्हतं. चार्ज, म्हणजे भट्टीत वितळवायचा माल, आम्ही पाट्या मोजून भरत होतो. भंगाराच्या एवढ्या पाट्या, रिटर्नच्या (परत वितळवायच्या आमच्याच मालाच्या) एवढ्या, पिगचे (कच्च्या लोखंडाच्या लाद्यांचे) एवढे नग. कोणीतरी कधीतरी वजन केलं असेल. पाचशेऐवजी साडेपाचशे जात असेल तर त्याचा ०.३८ आणि माझे नव्वद टक्के, दोन्ही जवळजवळ जुळत होते.

गेल्या शुक्रवारी स्टोअरमधला जुना प्लॅटफॉर्म काटा मामांनी आणि त्यानं पुसून, तेल घालून भट्टीच्या फलाटाखाली आणून ठेवला. पहिल्या हीटचा चार्ज भरला ५३८ किलो.